टाकीजवळचा तुकडा

कल्पना कर, तू एका जुन्या मोटारीखाली गोणपाटावर पाठ टेकून पडून आहेस. नाकाच्या वर वीतभर अंतरावर मोटारीचं पोट आहे, धूळ आणि तेलानं माखलेलं. तिथून एक बारीक लोखंडी नळी मागच्या टाकीतलं पेट्रोल पुढच्या इंजिनापर्यंत नेते. गाडी हादरते, आणि नुसत्या लोखंडाला हादरे सोसत नाहीत. म्हणून नळीच्या जोडांवर बोटाएवढे रबरी पाइप बसवतात. रबर म्हातारं झालं की त्याला भेगा पडतात. आता त्या जोडाजवळ तोंड ने, खोल श्वास घे. पेट्रोलचा वास आला, तर पाइप फाटलेला आहे.

आता अशी कल्पना कर, की पाइप फाटलेला आहे आणि तुला वासच येत नाही.

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागं गोविंदसिंग मिस्त्री त्या रविवारी सकाळी असे पडले होते.

"झालं का, गोविंदभाऊ?" बबनरावांनी वाकून विचारलं. "उद्या पोरीचं, योगिनीचं लगन. ह्याच गाडीत बिदाई करा, असं तिची माय सांगून गेली."

"झालंच समजा."

गाडी बबनरावांच्या वडिलांची, दुधी रंगाची अँबेसेडर. बबनरावांची बायको गोजराबाई वारल्यापासून ती तीन वर्षं कामरगावच्या घरी शेडमध्ये उभी होती. गोविंदसिंग खालून बाहेर आले आणि काढलेला एक पाइप त्यांनी दहा वर्षांच्या नातीपुढं धरला.

"पाय, निता. आताच्या पेट्रोलात इथेनॉल राह्यते. जुन्या रबराले ते खाऊन टाकते."

त्यांनी पाइप वाकवला. शिळ्या भाकरीसारखा तो मोडला.

निताचे आईवडील ऊसतोडीला गेले होते, म्हणून ती आजी-आजोबांकडे राहत होती. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन ती गॅरेजात येई आणि आजोबा काय शिकवतात ते ऐके.

गोविंदसिंगांची एक रीत सगळ्यांना माहीत होती. काम झालं की इंजिन चालू ठेवून ते गाडीभोवती वास घेत एक फेरी मारत आणि मग म्हणत, "पास!" त्यांनी पास केलेली गाडी लोक डोळे मिटून नेत. चाळीस वर्षं त्यांचं नाक चुकलं नव्हतं.

कोरोनाच्या तापात ते नाक गेलं. ताप उतरला, वास परत आला नाही. त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. डिझेलची गळती हाताला चिकट लागते, त्यामुळं ती कळे. पेट्रोल मात्र उडून जातं, हात कोरडाच राहतो. तिथं ते दोनदोनदा तपासत आणि फेरी तेवढी पूर्वीसारखी मारत.

त्यांनी इंजिन चालू केलं. फेरी मारली. "पास!"

"आबा, वास येऊन राह्यला," निता म्हणाली. ती डिकीमागं उभी होती.

"जुने पाइप पडले ना तिथी, त्यायचा असन."

"नाई, आबा. इथी. डिकीखालून."

बबनराव हसले. "तुया आज्यानं पास केली ना वं गाडी? का तूच आता मिस्त्रीन झाली?"

गोविंदसिंग मागं आले. वाकले. लांब श्वास घेतला. "काईच नाई," ते म्हणाले.

निता त्यांच्याकडं बघत राहिली. वासानं तिचे डोळे चुरचुरत होते, आणि आजोबा तिथंच वाकून 'काईच नाई' म्हणत होते. आठवड्यापूर्वी चुलीवरचं दूध त्यांच्या शेजारी करपून काळं झालं होतं, तरी ते उठले नव्हते. आजीनं केवढा आरडाओरडा केला होता! तेव्हा निताला काही कळलं नव्हतं. आता कळलं.

बबनराव गाडीत बसले. तू काय केलं असतंस? समोर चहावाल्याकडं चारपाच माणसं बसली होती.

निता गाडीपुढं जाऊन उभी राहिली. "नका नेऊ! आबाले वास येत नाई!"

चहाचे कप हातातच राहिले. गोविंदसिंगांनी खिडकीतून हात घालून चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"पोरगी खरं सांगून राह्यली," ते म्हणाले.

ते पुन्हा खाली शिरले. टाकीच्या मागं, वरच्या अंगाला, रबराचा एक आखूड तुकडा असतो. तो दिसत नाही, हात घालून चाचपावा लागतो. त्यांनी ओढताच तो लिबलिबीत होऊन हातात आला आणि मनगटावर पेट्रोल ओघळलं.

"हाच राह्यला," ते खालून म्हणाले. "ह्याले म्या कधी पायलंच नाई. नाकच सांगे मले."

त्यांनी नवा तुकडा बसवला. या वेळी वास घ्यायला निता खाली गेली. वास नव्हता.

बबनराव बराच वेळ घुटमळले. "गोविंदभाऊ, राग नका धरू. जाता जाता सतीश मिस्त्रीले एकडाव दाखवून घेतो. पोरगी बसनार हाय ना."

"दाखवा. दाखवालेच पायजे."

बबनराव हात जोडून निघाले. गाडी सतीशच्या गॅरेजकडं वळली. गोविंदसिंग निरोप द्यायला रस्त्यापर्यंत गेले नाहीत. दुपारी दोन मोटरसायकली येणार होत्या. त्या आल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी पाने पुसून पेटीत ठेवले आणि शटर ओढलं.

घरी बायकोला, भुरीबाईंना, बातमी आधीच पोचली होती.

"पाच वर्स!" त्या चुलीपुढून म्हणाल्या. "पाच वर्स मले 'भाजी मस्त झाली' म्हनत राह्यले! अन् मी बयताड रोज इचारत राह्यली!"

"मस्तच राहे ती," गोविंदसिंग म्हणाले.

भुरीबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि तोंड चुलीकडं फिरवलं.

निता भिंतीशी बसून रडत होती. "आबा, म्या सगळ्यायसमोर सांगितलं."

"मंग काय कानात सांगतं? म्याच सांगाले पायजे होतं. पाच वर्साआधी."

त्यांनी ताट पुढं ओढलं, पण हात लावला नाही. भुरीबाईंनी वरणासाठी फोडणी करायला घेतली. घरभर धूर पसरला.

निता उठली. फ्रॉकला नाक पुसून आजोबांच्या मांडीला टेकून बसली आणि हळू आवाजात सांगू लागली, "आबा, आता लसून लाल होऊन राह्यला. थांबा... आता जिऱ्याचा वास आला."