खोलीची शांतता

मित्रांनो, मी आवाज टिपणारा एक जुना रेकॉर्डर आहे. माझा एक कोपरा फुटलाय, पण कान शाबूत आहेत आणि रागही. यंत्राला कसला आलाय राग, असं म्हणाल. ऐका तर खरं.

मी घडलो कारखान्यात, पण मला माणसांत आणलं ताईने. ती चित्रपटांसाठी आवाज टिपायची. मला पट्ट्याने पोटाशी बांधून हिंडायची, धुळीचा कण बसू द्यायची नाही. "याचे कान माझ्यापेक्षा तिखट," असं चारचौघांत सांगायची.

तिची एक रीत होती. मुलाखत संपली की सगळ्यांना जागेवरच बसवून म्हणायची, "आता मिनिटभर कुणी बोलू नका. खोलीचा आवाज घेते." पंखा, घड्याळ, बाहेरची गाडी, सगळं मी टिपायचो. पुढे वाक्यं जोडताना मधल्या फटी त्यानेच बुजवतात.

एकदा एका दिग्दर्शकसाहेबांनी बंदुकांच्या वेडावर माहितीपट काढला. बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींना गोड बोलून खुर्चीत बसवलं आणि शेवटी विचारलं, "तुम्ही दुरुस्त केलेल्या बंदुकीने एखादं पोर मेलं तर?"

"मेलंय," मिस्त्री लगेच म्हणाले. "माझ्या पुतण्याचंच. तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या घरातलं कुलूपबंद कपाट बघितल्याशिवाय मी कुणाची बंदूक परत देत नाही." मग ताईने सगळ्यांना मिनिटभर गप्प बसवलं. कॅमेरा चालूच होता.

माहितीपटात ते उत्तर नव्हतंच. तिथे प्रश्न होता, आणि त्यापुढे ताईच्या त्या मिनिटातले, मान खाली घालून गप्प बसलेले मिस्त्री. लोक दुकानासमोरून जाताना थुंकू लागले. पुतण्याने तर संबंधच तोडले. "माझ्या पोरासाठी तुमच्या तोंडून एक शब्द फुटला नाही, काका," एवढंच तो शेवटचं बोलला.

ताई साहेबांशी भांडली. साहेबांनी तिला कामावरून काढलं आणि माझ्या पोटातलं पुसायला सांगितलं. तिने पुसलं नाही, मला फडताळात ठेवून दिलं. मला दातओठ नाहीत, नाहीतर दोन वर्षं मी तेच खाल्ले असते.

पुढे साहेब मुलाखतीची कला शिकवू लागले. वर्गात नमुना म्हणून तोच तुकडा दाखवायचे. "बघा, अचूक प्रश्न विचारला की माणसाची बोलती बंद होते."

एके दिवशी मागच्या बाकावर ताई होती, आणि शेजारी तिने समजावून आणलेला पुतण्या. ताईने मला टेबलावर ठेवून कळ दाबली. मिस्त्रींचं उत्तर वर्गभर ऐकू गेलं, आणि त्यामागोमाग ताईचं, "आता मिनिटभर कुणी बोलू नका." पुतण्या उठला आणि तडक काकांच्या दुकानाकडे निघाला.

एका विद्यार्थिनीने हात वर केला, तशी ताईने माझी आवाज टिपायची लाल कळ दाबली. मुलीने विचारलं, "सर, हे उत्तर तुम्ही कापलंत?"

साहेब गप्प. मी टिपत राहिलो.

मित्रांनो, सूड वाईट, असं तुमच्या पुस्तकात लिहिलं असेल. असू दे. जुन्या यंत्रांची बॅटरी काढून ठेवा, धूळ पुसा, पण पोटातलं पुसू नका. साहेबांची ती शांतता एक्केचाळीस सेकंदांची आहे. कुणी मागितली की मी ऐकवतो, आधीच्या प्रश्नासकट.