भाजल्या सालीचा वास

"कुऱ्हाड माह्या झाडाले लागली तं पयले मले लागंल, रामाजीभाऊ!"

दुर्गा मडावी मोहाच्या बुंध्याला पाठ लावून उभी होती. एका बाजूची साल काळीठिक्कर पडली होती आणि भोकांतून पिवळा भुसा गळत होता.

चूक तिचीच, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फुलं वेचायला जमीन साफ हवी म्हणून मोहाखालचा पाला सगळेच जाळतात, पण आधी तो बुंध्यापासून लांब ओढायचा असतो. यंदा दुर्गाने घाई केली आणि झाड पोळलं. नवरा गेल्यापासून तिचं घर याच झाडावर चाललं होतं.

"बाई, आइका," वनरक्षक नागसेन समजुतीने म्हणाला. "पोळलेलं झाड वास सोडते. आपल्या नाकाले समजत नाई, खोड पोखरनाऱ्या भुंग्याईले लांबून येते. इथी वाढले का बाकी झाडाईवर जातीन."

"जाऊ दे ना! माहंच झाड काऊन दिसते तुमाले?"

"माह्या झाडाले भोकं पडून राह्यले, दुर्गा," शेजारचा रामाजी हळूच म्हणाला. "मंग मी काय खाऊ?"

आपली चूक दिसली की तिचा पारा जास्तच चढे. तिने त्याच्या हातातली कुऱ्हाड हिसकावली.

"सरका. माहं झाड मीच पाडीन."

हात भरून आले तेव्हा कुठे तिने रामाजीला मदत करू दिली. झाड आडवं झालं. ती रडली, तेही सगळ्यांच्या देखत, कुणाची भीडभाड न ठेवता.

"लाकूड नेऊ नका," नागसेन म्हणाला. "साल ठेचून इथीच ठेवा. ताज्या वासानं भुंगे बाकी झाडं सोडून इथी येतीन. पण रोज वेचा लागंन."

"वेचीन."

रोज सकाळी ठेचलेल्या सालीवर भुंगे गोळा होत. दुर्गा त्यांची मुंडकी मोडून टोपलीत टाके. बायका तोंडाला पदर लावून हसत.

"हसा," ती म्हणे. "तुमचे झाडं उभे हायेत ना, मंग हसा."

एकदा रामाजी येऊन घुटमळला. "माह्या दोन झाडाईखालचे फुलं पुढच्या वर्षी तूच वेच. तुले देऊन टाकलं म्हन."

"देऊन टाकलं नोको म्हनू, भाऊ. माह्या झाडानं कमावलं हाये ते," दुर्गा म्हणाली, आणि सालीखाली दडलेला आणखी एक भुंगा तिने ओढून काढला.