दुसरा ब्रेक

आमच्या जुन्या गाडीला ब्रेक दोन. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या. अप्पांची ड्रायव्हिंग स्कूल, त्यामुळे यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. स्कूलसाठी नवी गाडी आली, जुनी घरच्या वापराला राहिली, तरी तिचा दुसरा ब्रेक काही निघाला नाही. त्याला आता एकच विद्यार्थी उरला होता, तो म्हणजे माझी ताई. तिला लायसन्स मिळून पंधरा वर्षं झाली होती आणि स्कूलमध्ये ती स्वतः लोकांना गाडी शिकवत होती.

ताई चालवायला बसली की अप्पा शेजारी, आणि त्यांचा उजवा पाय त्या पेडलवर. सिग्नल आला, दाबला. गतिरोधक आला, दाबला. एखादा म्हातारा फुटपाथवरून नुसता रस्त्याकडे बघत असला तरी दाबला. ताई दातओठ खायची. मी मागच्या सीटवर मान सांभाळायची. मी स्कूलमध्ये वाहतुकीची चिन्हं शिकवते, त्यामुळे गाडी चालवण्याच्या बाबतीत आमच्या घरात माझं मत कुणी विचारत नाही.

एकदा बाजारातून येताना अप्पांनी इतक्या करकचून ब्रेक लावला की पिशवीतले टोमॅटो थेट ताईच्या मानेवर. तिचा पारा चढला.

"अप्पा, तो ब्रेक काढून टाका."

"का? तो काय तुझ्याकडे जेवायला मागतो?"

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही, हे सरळ सांगा ना."

"विश्वासाचा प्रश्न नाही. ब्रेकचा आहे," अप्पा म्हणाले. मग तिचे डोळे भरलेले दिसले, आणि घाबरून ते भलतंच बोलून गेले. "तू त्या धावपट्टीवर शर्यती बघायला जातेस ना? त्या नवरदेवाला हरवून दाखव. काढतो ब्रेक."

नवरदेव म्हणजे पलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचा जावई. त्याची गाडी बारा महिने सजलेली असायची, म्हणून हे नाव. गावाबाहेर विमानाची एक बंद पडलेली धावपट्टी होती, तिथे एक क्लब सरळ रेषेतल्या शर्यती घ्यायचा. उभ्या गाडीने सुटायचं आणि जो आधी टोकाला पोचेल तो जिंकला. वळण नाही, काही नाही. "मग त्यात चालवायचं काय असतं?" अप्पा विचारायचे. ताईला पक्कं ठाऊक होतं की ती हरणार या भरवशावरच अप्पांनी शब्द दिला आहे. तिला त्याचंच जास्त लागलं.

दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन टायरवाल्याकडे गेली. तिला पुढे लावायला दोन रुंद, मऊ रबराचे टायर हवे होते आणि मागे दोन अरुंद, हलके.

"उलटं सांगताय ताई," टायरवाला म्हणाला. "शर्यतीच्या गाडीला रुंद टायर मागे असतात. माझ्या भिंतीवर फोटो आहे."

"फोटोतल्या गाडीचं इंजिन मागची चाकं फिरवतं. माझ्या गाडीत सगळं काम पुढची चाकं करतात. मागची नुसती मागून येतात."

"आमच्या घरात माझंही तेच काम आहे," मी म्हणाले. कुणी हसलं नाही.

रिम तिने मुद्दाम लहान घेतल्या. नवरदेवाने मोठ्या चकचकीत रिम घातल्या होत्या, त्यांवर टायर नावापुरता. ताईचं म्हणणं, रिम लहान म्हणजे टायरची भिंत उंच, ती सुटताना दबते आणि रस्ता धरते. शिवाय गाडी झटक्याने सुटली की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरत बसतात. म्हणून पुढे हवा अगदी कमी ठेवायची, नेहमीच्या बत्तीस पौंडांऐवजी सोळा, म्हणजे टायर पसरून बसेल. मागे भरपूर. तयार झालेली गाडी वडिलांचे बूट घातलेल्या पोरासारखी दिसत होती. नवरदेव तर पोट धरून हसला.

शर्यतीच्या दिवशी सकाळी क्लबचा माणूस गाडी तपासायला आला. त्याने शेजारच्या सीटपुढे वाकून पाहिलं. "हे काय आहे?"

"माझे वडील," ताई म्हणाली.

तीन फेऱ्या व्हायच्या होत्या, दोन जिंकेल त्याची शर्यत. नियम ऐकायला सगळ्यांना तंबूत बोलावलं, तेव्हा ताईबरोबर मीही गेले. अप्पा म्हणाले, मी गाडीपाशी थांबतो.

पहिल्या फेरीत दिवा हिरवा झाला आणि आमची पुढची चाकं जागेवरच भिरभिरली. धूर निघाला, रबराचा वास आला आणि नवरदेव निघून गेला. कुंपणाशी माझ्या शेजारी अप्पा उभे होते. त्यांचा उजवा पाय खडीत घोट्यापर्यंत रुतला होता.

परत आल्यावर ताईने हवा मोजली. पुढे दोन्हीकडे बत्तीस.

"कुणीतरी हवा भरली आहे." ती नवरदेवाच्या दिशेने तरातरा निघाली. हाणामारी होणार हे दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मला ती बघायचीही होती. पण माझं लक्ष पुढच्या चाकांच्या टोप्यांकडे गेलं, हवा भरायच्या नळीवर असतात त्या छोट्या टोप्यांकडे. दोन्ही पुसून लख्ख. हवा भरल्यावर टोपी रुमालाने पुसणारा माणूस जगात एकच आहे.

"ताई, थांब," मी म्हणाले. "अप्पा, रुमाल दाखवा."

अप्पांनी दाखवला. त्यावर दोन काळे गोल होते.

"मऊ होते दोन्ही," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरासुद्धा अपराधी नव्हता. "मागचे ठीक, पुढचे बसलेले. तुम्ही दोघी तंबूत. डिकीत माझा पायपंप होता. पोटच्या पोरीला बसलेल्या टायरवर कोण सोडतो?"

ताई त्यांच्याकडे वळली. मला वाटलं आता तोफ सुटणार. पण तिने हवा मोजायचं मीटर अप्पांच्या हातात दिलं.

"तुम्हीच सोडा. सोळावर आणा."

अप्पा गुडघ्यावर बसले. आयुष्यभर हवा भरत आलेला माणूस ती सोडताना मी पहिल्यांदा पाहत होते. फुस्स झालं की ते दचकायचे.

"बस?"

"अजून."

"बस, बाळा?"

"अजून, अप्पा."

सोळावर आल्यावर त्यांनी दुसरं चाक घेतलं, मग परत पहिलं मोजलं, परत दुसरं. "दोन्हीकडे काटा एकाच जागी हवा, नाहीतर गाडी एका अंगाला ओढेल," ते पुटपुटले. टोप्या पुसल्या. मला त्यांची इतकी कीव आली की मी उगाच आकाशाकडे बघितलं.

दुसरी फेरी ताईने सहज मारली. टायर जमिनीला चिकटून सुटले आणि नवरदेवाच्या चकचकीत रिम धुरात दिसेनाशा झाल्या.

तिसऱ्या फेरीतही ती पुढे होती. रेघ ओलांडली, आम्ही ओरडलो, आणि तेवढ्यात गाडीचा मागचा भाग डुलला. ब्रेक लावताना वजन पुढे येतं, मागे ते अरुंद, हलके टायर, त्यांना धरायला काही उरत नाही. गाडी तिरकी झाली. अप्पा प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट सांगतात: मागची बाजू घसरली तर ब्रेकवरचा पाय काढ.

ताईचा पाय मला इथून दिसणं शक्य नव्हतं. मी अप्पांचा पाहिला. तो खडीतून वर आला आणि तसाच अधांतरी राहिला. गाडी सरळ झाली, आणखी थोडी गेली आणि थांबली.

अप्पा एका पायावर उभे होते. मी त्यांना दंडाला धरून पाय खाली ठेवायला लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पाना घेऊन पेडल काढलं, पुसलं आणि डिकीत पायपंपाशेजारी ठेवलं. संध्याकाळी आम्ही बाजारात निघालो. गाडीवर आता साधे टायर होते, हवा चारीकडे अप्पांनी मोजलेली. चौक आला. अप्पांचा उजवा पाय सवयीने खाली गेला, आणि गाडी अलगद थांबली.

पुढे गतिरोधक आला. पाय खाली गेला, गाडी हळू झाली. मग एक म्हातारा फुटपाथवरून आमच्याकडे बघत होता. रस्ता मोकळा, सिग्नल हिरवा, मागचा हॉर्न वाजवतोय. अप्पांचा पाय खाली गेला. गाडी हळू झाली.

मी मागे बसते, मला आरसा दिसतो. ताईची नजर रस्त्यावर होतीच, पण दर वेळी ती क्षणभर खाली, त्यांच्या बुटाकडे जायची.

"ब्रेक चांगला लागतो हं गाडीचा," अप्पा म्हणाले.

"हो, अप्पा," ताई म्हणाली.