काचेतली अक्षरं

ताईच्या फोनवर कंपनीच्या सॉफ्टवेअरचा नवा अवतार उतरला, तेव्हा बघूनच मला शिसारी आली. सगळं काचेचं. बटणं काचेची, चौकटी काचेच्या, आणि त्या काचेआडून मागचा फोटो डोकावतोय. त्यावर पांढरी अक्षरं. मागे फोटोत ढग असले तर पांढऱ्यावर पांढरं, वाचा आता. काचेच्या कडेला आली की ओळ वाकडी होते, तीही मुद्दाम. हे करायला म्हणे शेकडो माणसं दोन वर्षं बसली होती. बसली होती की झोपली होती देव जाणे.

मी पाट्या रंगवतो. सत्तावीस वर्षं झाली. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. रस्त्यापलीकडच्या माणसाला अक्षर वाचता आलं पाहिजे, एवढं एकच शास्त्र मला येतं, पण ते पक्कं येतं. त्यामुळे असलं काही बघितलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. माझा फोन दुसऱ्या कंपनीचा. पांढऱ्यावर काळं, ठसठशीत, नखरा नाही. ताईचं आणि माझं या दोन कंपन्यांवरून दहा वर्षं भांडण चालू आहे. जेवताना सुरू झालं की ताटं वाळेपर्यंत थांबत नाही. माझी बायको तर आम्हाला दोघांना वेगवेगळ्या खोलीत वाढते.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. औषधांच्या दुकानात काउंटरला असते. भावजी गेल्यावर त्या काउंटरनंच तिला उभं केलं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो गिऱ्हाइकं फोनवर पाठवतात, ती वाचते आणि खोकी काढून ठेवते. पाचाच्या जागी पन्नास वाचलं तर एखाद्याच्या जिवाशी गाठ. अठरा वर्षांत तिची एकदाही चूक झाली नव्हती. ही गोष्ट ती स्वतः कधी सांगायची नाही, पण दुसऱ्या कुणी सांगितली की पदर सारखा करायची.

नवा अवतार येऊन तीनेक आठवडे झाले असतील. ती घरी आली होती. म्हणाली, हल्ली ओळी मधेच वाकड्या दिसतात, आकडे एकमेकांत शिरतात, एकदा डोळे दाखवून यावं म्हणते.

मला तर आयतंच सापडलं. दहा वर्षांचं भांडण मी त्या दिवशी जिंकलो असं मला वाटलं. म्हटलं, "तुझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? त्या माकडांनी अक्षरंच वाकडी काढलीत. फोन बदल."

मग अर्धा तास माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. अक्षराभोवती मोकळी जागा का लागते, काळं-पांढरं म्हणजे काय, काच ही बघायची वस्तू नसून आरपार बघायची वस्तू कशी आहे. ताई हसत होती. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला, आणि तो आपल्या शहाणपणानं उतरला म्हणून मी आणखीच फुगलो. डोळ्यांचा विषय तिथंच संपला.

दोन महिन्यांनी तिच्या हातून चुकीच्या ताकदीच्या गोळ्या गेल्या. पेशंटच्या मुलीनं घरी खोकं वाचलं आणि परत आणून दिलं, म्हणून निभावलं. मालक भला माणूस. आवाज चढवला नाही, पण पुन्हा असं झालं तर तुम्हाला काउंटरवरून काढावं लागेल, एवढं त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं. ताई त्या रात्री जेवली नाही, हे मला भाचीकडून कळलं.

मी सकाळीच दुकानात गेलो. ताईचा फोन मालकांच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, तुम्हीच वाचून दाखवा. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, फोन लांब धरला. त्यांनाही धड वाचता येईना. मग काय, भर दुकानात त्या कंपनीची सात पिढ्यांसकट पूजा बांधली. औषधं घ्यायला आलेल्या दोघाचौघांनी माना डोलावल्या. मालक म्हणाले, खरंय बुवा, फोनचाच घोळ दिसतोय. संध्याकाळी मी माझा जुना फोन ताईला नेऊन दिला, अक्षरं सगळ्यात मोठी करून. दोन-तीनदा विचारलं, आता कसं आहे? बरं आहे म्हणाली.

त्यानंतरच्या आठवड्यात ती माझ्या कामाच्या जागी आली. एका शाळेची पाटी घेतली होती करायला, बारा फुटी. मी खडूची पूड लावलेला दोरा दोन खिळ्यांना ताणून बांधला, मधे धरला आणि सोडला. पाटीवर पांढरी रेघ उठली. माझ्या सगळ्या कामाचा पाया म्हणजे ही रेघ. अक्षरं हिच्यावर बसतात.

ताई स्टुलावर बसली होती. म्हणाली, "मधे वाकलीय रे ती."

मला राग आला. सत्तावीस वर्षांत माझ्या रेघेला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. ताणलेला दोरा वाकेल कसा, हे मी तिला ऐकवलंच. वर लोखंडी पट्टी आणून रेघेला लावून दाखवली. केसाचाही फरक नव्हता.

"आता बघ," मी म्हटलं.

तिनं बघितलं. मग हळूच तळहातानं उजवा डोळा झाकला. "आता जरा सरळ वाटते," ती म्हणाली. हात काढून डाव्या डोळ्यावर ठेवला. "आता मधे रेघच नाही. काळा डाग आहे."

पट्टी माझ्या हातातच राहिली. मी विचारलं, माझ्या फोनवर कसं दिसतं? ती म्हणाली, तसंच. तू एवढ्या हौसेनं दिलास, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.

पाटी तशीच टाकून मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बारीक चौकटी आखलेला कागद दाखवला, डोळ्यांत औषध घातलं, यंत्रातून बराच वेळ बघितलं. उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय, डाव्यात सुरुवात आहे. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील. उरलंय ते बहुतेक टिकेल, गेलंय ते परत येणार नाही.

ताईनं एकच विचारलं, काउंटरचं काम जमेल का? बाईंनी नाही म्हणून सांगितलं. बारीक अक्षर वाचून औषध द्यायचं काम आता करू नका. ताईनं मान हलवली आणि पर्सचा बंद उगाच काढला, लावला.

लिहिता लिहिता बाईंनी विचारलं, त्रास कधीपासून आहे? ताई म्हणाली, तीन महिने. बाईंचा पेन थांबला. सुरुवातीला आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं, इतके दिवस थांबलात कशाला, त्या जरा चिडूनच म्हणाल्या.

कुणी मागितली असती तर मी त्या क्षणी माझीच जीभ उपटून दिली असती. इतकी किळस मला त्या काचेचीही कधी आली नव्हती.

ताईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, कौतुकच होतं.

"हा माझा भाऊ," ती म्हणाली. "पाट्या रंगवतो. अक्षरांतलं याला सगळं कळतं. हा म्हणाला, दोष अक्षरांत आहे."