रुक्माबाईंना पुन्हा जन्म नको होता

प्रेमानंद मेश्राम बुद्धविहारात वंदनेला नेमानं जायचा. पण भंते पुढच्या जन्माबद्दल बोलू लागले, की उठून बाहेर चपलांपाशी उभा राहायचा. तो कामाला होता त्या स्टील प्लांटमधल्या दोस्तांनाही त्याचा हा स्वभाव ठाऊक होता.

कोहका बस्तीतल्या घरात त्याची आई रुक्माबाई कॅन्सरनं अंथरुणाला खिळली, तेव्हा शेजारच्या ठकूबाईंनी स्वर्गाची वाट मोकळी व्हावी म्हणून गंगाजल आणून दिलं. चरोद्याहून रोज येणारी प्रेमानंदची बहीण सुजाता एक दिवस भंतेंना घेऊन आली. "माताजींचं पुण्य मोठं आहे, पुढचा जन्म उत्तम मिळेल," असं सांगून ते गेले.

रुक्माबाईनं लेकाला जवळ बोलावलं. "प्रेम, तू एवढं वाचतं. खरं सांग, मेल्यावर काय होते?"

बोलू नको, असं सुजातानं डोळ्यांनी खुणावलं. आज खोटं बोलून टाकावं, असं प्रेमानंदलाही वाटलं. पण जीभ रेटेना.

"मले नाई माहीत, आई. कोनालेच नाई. मले तं वाटते, काहीच होत नाई. झोपेसारखं असन."

"मरत्या मानसाले असं सांगते का रे?" सुजाताला रडू फुटलं.

म्हातारीनं मात्र मोकळा श्वास टाकला. "बरं झालं, बाप्पा. मी तं भेवून राहिली होती. पुन्हा जन्म म्हंजे पुन्हा सासू, पुन्हा बाळंतपन. कावून पायजे? एक केला, चांगला केला. झालं."

आणि तिनं पन्हं मागितलं.

पुढच्या आठवड्यात ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भंते म्हणाले, "माताजींना सुगती लाभो, उत्तम जन्म मिळो." प्रेमानंद त्यांना टोकणार होता. पण ती कुठंतरी असावी, परक्या घरी का होईना, असं त्याला एकाएकी फार वाटलं. तो बसूनच राहिला.

उठली ती सुजाता. "भंतेजी, माफ करा. आईले पुन्हा जन्म नको होता. तिच्या नावानं तो मागू नका."

मांडवातल्या माना तिच्याकडे वळल्या. तरुण भंते गोंधळले. "मग काय मागू, ताई?"

"काईच नको. ती कशी होती, थे मी सांगते."

बस्तीतल्या बायकांना घेऊन नळासाठी आईनं साहेबाची जीप कशी अडवली होती, ते सुजाता सांगू लागली. लोक हसले. प्रेमानंद मांडवामागं गेला आणि भाताच्या डेगीपाशी उभा राहून पोटभर रडला. स्वयंपाक्यानं त्याला बसायला स्टूल सरकवलं.