कपाळावरचे तिकीट

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट. कडा घासलेल्या, लेबल पिवळे पडलेले आणि पाठीच्या डाव्या कोपऱ्यात गोंदाचा एक चिकट डाग. कडा कशाने घासल्या ते मला आठवत नाही. लेबल उन्हाने पिवळे केले. पण त्या डागाची मात्र गोष्ट आहे, मित्रांनो. त्या डागापायी एका रविवारी दुपारी व्हिएन्नातल्या एका घराचा जीव टांगणीला लागला होता.

माझ्या पोटात एक ऑपेरेटा आहे. ऑपेरेटा म्हणजे गाणी, नाच आणि हशा यांचे नाटक. माझ्यातल्याचे नाव 'टपालगाडीतली उमरावीण'. नको असलेले लग्न चुकवायला एक उमरावीण दासीच्या वेशात टपालगाडीने पळते. तिचा ठरलेला नवराही तिला चुकवायला गाडीवान होऊन नेमका त्याच गाडीवर बसतो. तिसऱ्या अंकात डोंगरावरच्या टपालचौकीत दोघांचेही बिंग फुटते. त्या चौकीत एक म्हातारा पोस्टमास्तर असतो. तो गात नाही, बोलतोही थोडेच. पण लोक तिसऱ्या अंकापर्यंत बसून राहत ते त्याच्यासाठी, आणि व्हिएन्नात पोस्टमास्तर म्हटला की आल्फोन्स वॉव्रा, दुसरे नाव नव्हते.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आल्फोन्स तरुण होता. नाटकघराच्या छपराला भोक पडलेले, शेगडीत कोळसा नाही, प्रेक्षक ओव्हरकोट घालून बसलेले. डिंक मिळत नव्हता म्हणून कोणीतरी बटाट्याची खळ केली होती, ती जरा जास्तच घट्ट झाली. पोस्टमास्तर पत्राला तिकीट लावायला गेला, तर ते त्याच्या बोटाला चिकटले. ही चूक खरीच होती. आल्फोन्सने बोट झटकले, तिकीट दुसऱ्या बोटाला गेले. मग कोपराला. मग नाकाला. शेवटी ते कपाळावर जाऊन बसले. त्याने आरशात पाहिले, आता आपणच टपाल झालो असे समजून मान डोलावली आणि मुकाट्याने टपालाच्या टोपलीत जाऊन बसला.

त्या थंडीत माणसे अशी हसली की थंडी विसरली. पुढे देशातल्या प्रत्येक गावात, प्रत्येक पोस्टमास्तराने आल्फोन्सचे तिकीट कपाळावर लावले. गाणी दुसऱ्याची होती, कथा दुसऱ्याची होती. तिकीट तेवढे आल्फोन्सचे होते.

त्याची मुलगी रोझविटा नाटकघराच्या पडद्यामागेच मोठी झाली आणि नाटके बसवू लागली. आल्फोन्स घरी बसल्यावर तिने हीच उमरावीण हाती घेतली आणि तिला आजचे कपडे घातले. टपालगाडीचे विमान झाले. गाडीवान वैमानिक झाला. उमरावीण चाकांची बॅग ओढत आली आणि डोंगरावरच्या चौकीचा विमानतळ झाला. पात्रांच्या नावांत आल्फोन्सने पोस्टमास्तर शोधला. तो नव्हता. त्याच्या जागी 'सामानाच्या खिडकीवरचा कर्मचारी' होता.

पहिल्या प्रयोगाला आल्फोन्स काळा कोट घालून गेला आणि पहिल्या मध्यंतरातच उठला. जिन्यावर रोझविटाने त्याला गाठले.

"तुझ्या टपालगाडीला पंख फुटले, छान झालं," तो म्हणाला. "उडताना माझी टोपली तेवढी खिडकीतून फेकलीस."

"पपा, तिसरा अंक बघ. मग बोल."

"माणूस मेलाय हे दारातच कळलं. आता स्मशानापर्यंत कशाला चालू?"

तो गेला. रोझविटाही बापाचीच मुलगी. तिने त्याला मागे बोलावले नाही. त्या दिवसापासून दोघे बोलत ते फक्त हवेबद्दल आणि सूपबद्दल.

मित्रांनो, त्यानंतर माझा जन्म झाला. नाटक खूप चालले, म्हणून कॅमेरे आले, आणि एका कारखान्यात माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एका रांगेत तयार झाल्या. माझ्या खोक्यावर लाल विमान होते. दुकानाच्या काचेमागे मी मोठ्या तोऱ्यात उभी असे. नाताळात रोझविटाने मला चांदीच्या कागदात गुंडाळले आणि वडिलांच्या हाती दिले.

आल्फोन्सने कागद उघडला, विमान पाहिले आणि म्हणाला, "नाताळातला तो शिंगाडा राक्षस, क्रॅम्पस, वाईट पोरांना कोळसा देतो. मी यंदा फारच वाईट वागलो असणार."

त्याची बायको हेडविग हिने मला त्याच्या हातातून काढून घेतले आणि टीव्हीखालच्या फळीवर ठेवले. आल्फोन्स मंगळवारी मित्रांबरोबर पत्ते खेळायला गेला की ती इस्त्री करता करता मला लावायची. तिसऱ्या अंकात तिची इस्त्री हमखास थांबायची. एकदा टेबलावरची चादर जळाली. ते माझे सोन्याचे दिवस होते.

"आल्फोन्स, तिसरा अंक तेवढा बघ रे," ती अधूनमधून म्हणायची.

"काय आहे त्यात? सांग."

"विनोद सांगून पोचतो का कधी? तू आयुष्यभर हेच केलंस, आणि मला विचारतोस?"

तो वर्तमानपत्र उघडायचा. बोलणे तिथेच संपायचे.

आता डागाकडे येते. माझ्या पाठीच्या कोपऱ्यात एक छोटी खळगी आहे. कोऱ्या कॅसेटला तिथे प्लास्टिकचा तुकडा असतो. दुकानात विकायच्या भरलेल्या कॅसेटला तो नसतो, म्हणजे चुकूनही कोणी तिच्यावर दुसरे काही रेकॉर्ड करू शकत नाही. ती रिकामी खळगी हेच आमचे चिलखत. पण तिच्यावर चिकटपट्टी लावली की यंत्र फसते.

जानेवारीतला रविवार होता. रोझविटाचा नवरा गेर्नोट मनाने चांगला, पण डोंगरावरून माणसे घसरताना दिसली की त्याला जगाचे भान राहत नसे. टीव्हीवर स्कीची मोठी शर्यत लागणार होती, आणि स्वयंपाकघरातून हेडविग श्निट्झेल, म्हणजे मांसाचे चपटे काप, तळून हाका मारत होती. गेर्नोटने फळीवर हात फिरवला. मी हाती लागले. 'हिला या घरात कोण बघतं,' असे तो पुटपुटला, खळगीवर चिकटपट्टी लावली, मला यंत्रात ढकलले, लाल बटण दाबले आणि जेवायला गेला.

मी ओरडले असते. पण कॅसेटला आवाज असतो तो दुसऱ्यांचाच. आणि पुसण्याचे वाईट असे की काय पुसले गेले तेही कळत नाही. माझ्या पोटात काय उरले हे मला ठाऊक नव्हते. गेर्नोटने शर्यत पाहिली, मला पुन्हा सुरुवातीला आणून फळीवर ठेवले आणि विसरून गेला. त्याच आठवड्यात हेडविग आजारी पडली आणि वसंतात गेली. मंगळवार आले आणि गेले. माझ्यावर धूळ बसली. नाटक कधीच बंद झाले होते. दुकानांत माझ्या बहिणी उरल्या नव्हत्या, तिथे आता डीव्हीडीच्या चकचकीत चकत्या आल्या होत्या.

आल्फोन्सने ऐंशी ओलांडली. एका सकाळी तो बेकरीत पाव आणायला गेला आणि परतला तो पाव न घेताच. आल्याबरोबर त्याने फोन उचलला.

"रोझी, कोपर आधी की नाक आधी?"

रोझविटा म्हणाली, "आधी हॅलो म्हणायची पद्धत आहे, पपा."

"हॅलो. कोपर की नाक? बेकरीतली प्रोहास्काबाई म्हणते, तुझ्या विमानतळावरचा तो माणूस बॅगेचं लेबल कपाळाला चिकटवतो. म्हणाली, 'वॉव्रासाहेब, मला तर तिथं तुम्हीच दिसलात.' माझं तिकीट आहे का त्यात?"

"तू स्वतः बघ. मी सांगणार नाही."

"नाक आधी आलं तर हसू नाकावरच संपतं, हे ठाऊक आहे ना तुला?"

"रविवारी येते," ती म्हणाली. "कॅसेट पुसून ठेव."

रविवारी रोझविटा केक घेऊन आली, पाठोपाठ गेर्नोट. आल्फोन्सने काळा कोट घातला होता. त्याच्या हातात मला पाहिले आणि गेर्नोटचा चेहरा मैद्यासारखा पांढरा झाला. तो काही बोलायच्या आत मी यंत्रात गेले होते.

पडद्यावर पांढराशुभ्र डोंगर आला. वरून एक माणूस शिरस्त्राण घालून बाणासारखा खाली सुटला.

"डोंगर ठेवलास, हे बरं केलंस," आल्फोन्स म्हणाला. "पण पोस्टमास्तर फारच घाईत दिसतो."

रोझविटा वळली. "गेर्नोट!"

"मला वाटलं, ही कोणी बघत नाही..."

"ममा दर मंगळवारी बघायची! बंद कधी केलंस रेकॉर्डिंग?"

"जेवण झाल्यावर."

"म्हणजे किती वेळानं?"

"श्निट्झेल संपल्यावर."

"किती श्निट्झेल खाल्लीस तू?"

गेर्नोटने छताकडे पाहिले. "त्या दिवशी बटाट्याची कोशिंबीरही होती," तो हळूच म्हणाला.

"कोशिंबिरीवर ढकलू नकोस!"

रोझविटाचे डोळे भरले होते. या फितीखेरीज तिचे ते तिकीट आता कुठे बघायला मिळणार नव्हते. तिने फीत पुढे पळवायला बटणाकडे हात नेला, पण आल्फोन्सने तो धरला. "हे यंत्र म्हातारं झालंय. पळवलं की फीत खातं. माझ्यासारखंच आहे, त्याच्या चालीनं चालू दे. बसा."

आणि ती तिघे बसली. मित्रांनो, कोण जिंकले हे ठाऊक असलेली शर्यत इतका श्वास रोखून जगात कोणी पाहिली नसेल. एकामागून एक माणसे घसरत आली. शर्यत संपली. बक्षिसे वाटली. बातम्या लागल्या. मग हवेचा अंदाज आला.

"उद्या बर्फ पडणार म्हणे," आल्फोन्स म्हणाला.

"तो उद्या केव्हाच गेला, पपा."

"पडलं होतं का?"

कोणालाच आठवेना. गेर्नोट बोटांवर मोजत म्हणाला, "दुसरं श्निट्झेल संपलं असेल आता. तिसरं मी घेतलं नव्हतं. बहुतेक."

"बहुतेक?"

तेवढ्यात पडद्यावर रेघा उठल्या, आवाज खरखरला, आणि एकदम लाल विमान आले! त्याच्यासमोर सगळी मंडळी हात वर करून गात होती. दुसऱ्या अंकाचा शेवट होता तो. रोझविटाने दोन्ही हातांनी तोंड झाकले. गेर्नोट खुर्चीत असा सैल पडला की जणू तोच डोंगरावरून उतरला. मलाही तेव्हाच कळले की माझा तिसरा अंक जिवंत आहे.

सामानाची खिडकी उजळली. टोपी घातलेला एक कंटाळलेला कर्मचारी बॅगेला लेबल लावायला गेला. ते बोटाला चिकटले. त्याने झटकले. दुसऱ्या बोटाला गेले. तो थांबला. आल्फोन्सही थांबला, खुर्चीचे हात घट्ट धरून.

कोपर.

"कोपर!" आल्फोन्सने एवढा मोठा सुस्कारा सोडला की वाटले, त्या जिन्यावर धरलेला श्वास आत्ता सुटला. मग नाक. मग कपाळ. कर्मचाऱ्याने खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिले, मान डोलावली, सरकत्या पट्ट्यावर हात जोडून आडवा झाला आणि बॅगांच्या मधोमध, रबरी पडद्यांतून पलीकडे निघून गेला. माझ्या पोटातले नाटकघर हसण्याने दणाणले.

आल्फोन्स हसला, खोकला, पुन्हा हसला. रोझविटा पडद्याकडे पाहतच नव्हती. ती बापाकडे पाहत होती.

"विमानतळावर टोपली नसते, पपा. म्हणून पट्टा घेतला."

"माझी टोपली चालायला लागली, रोझी," तो डोळे पुसत म्हणाला. "आणि मी गाढव इतकी वर्षं जिन्यातच उभा."

"गाढव नाही. वॉव्रा. मीही तीच. फोन करून सांगता आलं असतं मला."

"विनोद सांगून पोचत नाही. हेडविग म्हणायची."

नाटक संपले तेव्हा त्याने मला बाहेर काढले. कोपऱ्यातली चिकटपट्टी त्याला दिसली. जावयाकडे एक नजर टाकून त्याने ती नखाने सोलून काढली. पट्टी निघाली आणि बोटाला चिकटली. गेर्नोट मदतीला उठू लागला, तर रोझविटाने त्याला मागे ओढले. "बस. काही बोलू नकोस."

आल्फोन्सने बोट झटकले. पट्टी दुसऱ्या बोटाला गेली. तो थांबला. मग कोपर. मग नाक. ऐंशीच्या पुढचे ते हात एकदाही चुकले नाहीत. पट्टी कपाळावर बसली. त्याने कपाटाच्या आरशात पाहिले, मान डोलावली, खोलीभर नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या हेडविगच्या धुण्याच्या टोपलीत जाऊन बसला.

"मधलं थांबणं जरा लांबलं, पपा," हसून हसून बेजार झालेली रोझविटा म्हणाली.

"तू मला शिकवतेस? आधी मला उठवा इथून!"

तेव्हापासून माझी खळगी उघडी आहे, फक्त गोंदाचा डाग राहिला. आता माझ्यावर कोणी काही रेकॉर्ड करू शकत नाही. माझा पहिला अंक आणि दुसऱ्याचा बराचसा भाग गेला तो गेलाच. पण रविवारी मला लावले की बातम्या आणि हवेचा अंदाज संपेपर्यंत आल्फोन्स उभा राहून ती हरवलेली गाणी स्वतः गातो, बेसूर आणि अगदी मनापासून. रोझविटा मधली कथा सांगते. गेर्नोट निमूटपणे केक वाटतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात फळीवर माझ्यासारखे काहीतरी धूळ खात पडलेले असेल. त्याच्यावर हात टाकण्याआधी 'हे कोण बघतं?' असे मनात म्हणू नका, मोठ्याने विचारा. कदाचित स्वयंपाकघरातून कोणीतरी 'मी!' म्हणून ओ देईल. आणि कोणी मायेने काही केले असेल, तर ते आवडो न आवडो, तिसऱ्या अंकापर्यंत बसा. तुमचे तिकीट तिथे कोणाच्या तरी कपाळावर जपून ठेवलेले असेल.