चौथ्या हत्तीमागचा दगड

‘या उद्यानातील सर्व शिल्पे बेवारस अवस्थेत सापडली असून जनहितार्थ त्यांचे जतन करण्यात आले आहे.’

डॉ. शिवांजलींनी फलकाचे छायाचित्र घेतले आणि एकेक शब्द तपासायला घेतला. ‘सापडली’: चारशे किलोंचा दगड वाटेत सापडत नाही, त्याला जेसीबी लागतो. ‘जनहितार्थ’: दगडाशेजारी उभे राहण्याचा हक्क फक्त जेवणाऱ्या गिऱ्हाइकांना होता; तसे बाजूच्याच फलकावर लिहिले होते. ‘जतन’: दगडाला सोनेरी रंग फासला होता. राहिला ‘बेवारस’. त्या शब्दाचे खंडन वीरगळासमोर गवतात बसून फडक्यातली भाकरी सोडत होते.

आष्ट्याच्या अलीकडचे हे हॉटेल म्हणजे सकाळपासूनचा चौथा हत्ती. चोरांपासून गाई राखताना मेलेल्या पूर्वजाचा हा स्मृतिदगड, हा वीरगळ, गवतात बसलेल्या राहीबाईंच्या गावाबाहेरून तीन वर्षांपूर्वी, रस्ता रुंद होताना, नाहीसा झाला. भाच्याने ट्रकमधून पाहिलेली खूण एवढीच, की हॉटेलच्या दारात हत्ती आहे. या रस्त्याला हत्तींचा तोटा नव्हता. उंब्रजजवळचा पहिला सोंडेतून कारंजे उडवीत होता. दुसऱ्याच्या पोटात गुळाचे दुकान होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या राहीबाई जिना चढून आत गेल्या आणि घाम पुसत बाहेर आल्या.

"हत्तीच्या पोटात समदं हाय, बाई. आमचा दगूड तेवढा न्हाई."

तिसऱ्याचा एक सुळा वाऱ्याने पडला होता. मध्ये कऱ्हाडच्या पुलावरून नदीचे पात्र दिसले, पलीकडे आगाशिवाचा डोंगर. राहीबाईंनी काचेला नाक लावले. शिवांजलींनी गाडी हळू केली नाही. वीरगळांवर त्या अकरा वर्षे लिहीत होत्या, आणि म्हणूनच राहीबाई त्यांना हुडकत साताऱ्याच्या महाविद्यालयात येऊन थडकल्या होत्या. अशा चोरीला नावानिशी उघडे पाडण्याची संधी शिवांजलींना पहिल्यांदाच मिळत होती.

"हाच ना, आजी?"

"व्हय. ह्या बघा गाई. ह्यो आमचा म्हातारा." राहीबाईंनी तळाच्या पट्टीतल्या तलवारवाल्याच्या तोंडावरचा सोनेरी रंग नखाने खरवडला. "पायाला मार लागलाय. आणताना लागला आसंल."

दात कोरीत मालक आले. लालासाहेब म्हणून पंचक्रोशी त्यांना ओळखत होती.

"आज्जे, आत टेबल हाय की. दगडाम्होरं काय जेवतीस?"

"सुगीची पयली भाकरी आमी ह्याच्याम्होरंच खातो. तीन सुग्या चुकल्या. आज शिळी का हुईना."

"तुझा दगूड? मग शेंदूर का न्हवता गं त्याला? तेल न्हाई, फूल न्हाई. मी सोता बगितलंय."

राहीबाईंनी घास मोडला.

"छप्पन सालापातूर हुता शेंदूर. दीक्षा घेतली तवा माझ्या बानं घासून काढला. मी परकरी पोर, पानी मीच वतलं. देव सोडलं, मालक. मानूस कसा सोडायचा? ह्यो देव न्हवं, आमचा मानूस हाय. घरच्या मानसाला कोन शेंदूर फासतं?"

शिवांजलींची लेखणी वहीवर थांबली. मग त्यांनी वही मिटली.

"लालासाहेब, वारस तुमच्यासमोर बसली आहे. बेवारस हे विशेषण तुम्हाला कुणी पुरवलं? कागद असेल तर दाखवा. नसेल, तर तुमचा फलक ही चोरीची जाहिरात आहे, आणि मी ती तशीच छापणार आहे."

लालासाहेब चिडले नाहीत.

"कागदाबिगर दगूड हलवीन व्हय मी? रस्तेवाल्यांनी बी कागद बघूनच उचलू दिला."

गल्ल्यामागून त्यांनी प्लास्टिकच्या वेष्टनातले एक पान आणले. जुन्या सर्वेक्षणाच्या नोंदपत्राची ती नक्कल होती. रकाने छापील, मजकूर हाताचा.

"सही बघा, मॅडम. वळखीची वाटती का?"

अक्षर बारीक, ताठ, वेलांट्या कंजूष. अकरा वर्षांपूर्वी प्रबंधासाठी एका दिवसात सव्वीस दगड उरकल्याचा शिवांजलींना अभिमान होता.

"काय लिवलंय, बाई?" राहीबाईंनी विचारले. "मला चष्म्याबिगर दिसत न्हाई. वाचा की मोठ्यानं."

"आण, मी वाचतो, आज्जे," लालासाहेब म्हणाले.

"नको."

शिवांजलींनी डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला, त्याची घडी घातली आणि वर्गात वाचावे तशा स्वरात, एकही शब्द न गाळता, वाचले:

"क्रमांक एकेचाळीस. वीरगळ, तीन पट्ट्यांचा, सुस्थितीत. शेंदूर, तेल, फूल नाही. सबब पूजेत नाही. वारस: कोणी नाही. गावात चौकशी: केली नाही, ऊन फार होते."